पंधरातले नऊ मासे गेले, त्याचं उत्तर

अ‍ॅक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या पाण्यावर भाजी वाढवणं, त्याबद्दलचा तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. ऐरोलीला चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत २०० लिटरचा निळा ड्रम, त्याच्यावर लोखंडी स्टँडवर २ बाय ३ फुटांचा, फूटभर खोल खडीचा वाफा, आणि ड्रममधलं पाणी वर वाफ्यात चढवायला पंप. रविवारी कुर्ल्याहून तीन इंची १५ कोई (शोभेचे रंगीत मासे) आणले आणि त्याच संध्याकाळी नळाचं पाणी भरून त्यात सोडले. पाचव्या दिवशी पहिला मासा गेला, बाराव्या दिवसापर्यंत नऊ गेले. पालक आणि कोथिंबीर पिवळी पडली. मधल्या काळात तुम्ही तीनदा सगळं पाणी बदललंत आणि एकदा खडी काढून नळाखाली चांगली चोळून धुतलीत. आता तुम्ही विचारताय: मासे आजारी होते का, दुकानदाराने गळ्यात मारले का, तयार किट घेऊ का, टिलापिया ठेवू का. आणि जाता जाता एक ओळ अशीही की घरचे म्हणतात, हे काढा, कपडे वाळत घालायला जागा नाही.

आधी उरलेल्या सहा माशांचं बघू, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत त्यातला एखादा जाईल. त्यांना ड्रममधून काढून ४०-५० लिटरच्या टबमध्ये हलवा. पाणी नळाचंच, पण आदल्या दिवशी भरून रात्रभर एअर पंपाने ढवळलेलं. तेवढा धीर नसेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन घालून. मीठ लिटरला एक ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला ५० ग्रॅम. एअर पंप चोवीस तास चालू हवा. दोन दिवस खाणं पूर्ण बंद. त्यानंतर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. रोज एक तृतीयांश पाणी बदला, नवं पाणीही तसंच मुरवलेलं, आणि काढलेल्या पाण्याबरोबर मीठही जातं हे लक्षात ठेवून. आठवडाभर उपाशी राहिला म्हणून निरोगी कोई मरत नाही. नव्या टाकीत पोटभर खाऊन मात्र मरतो, आणि तुमच्याकडे तेच झालं.

दुकानदाराला दोष देऊ नका. तीन इंची १५ कोई म्हणजे सगळे मिळून फार तर दीडशे ग्रॅम. २०० लिटरला हे ओझं काहीच नाही. तुम्ही लिहिलंय की दिवसातून तीनदा ‘चिमूटभर’ खाणं घालत होतात आणि महिन्याभराचं म्हणून आणलेलं दीडशे ग्रॅमचं पाकीट बारा दिवसांत संपलं. म्हणजे रोज साधारण १२ ग्रॅम. दीडशे ग्रॅमच्या माशांना रोज १२ ग्रॅम म्हणजे वजनाच्या आठ टक्के. या वयाच्या माशांना रुळलेल्या टाकीतसुद्धा मी दोन-तीन टक्क्यांवर जात नाही.

आता जरा हिशेब करू, कारण तो एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं. बहुतेक खाण्यात ३२ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, आणि प्रथिनांचा सुमारे सोळा टक्के भाग नायट्रोजन. म्हणजे १२ ग्रॅम खाण्यात साधारण ०.६ ग्रॅम नायट्रोजन. त्यातला साठेक टक्के मासा कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो, आणि न खाल्लेलं कुजून तेच होतं. २०० लिटरमध्ये हे पडतं रोज लिटरला जवळजवळ १.८ मिलिग्रॅम. पाच दिवसांत ९. तुमचा पहिला मासा पाचव्या दिवशी गेला, यात मला तरी काही गूढ दिसत नाही. मासे पृष्ठभागावर येऊन आ करत होते आणि कल्ले लाल झाले होते, असं तुम्हीच लिहिलंय. ती अमोनियाने कल्ले भाजल्याची खूण.

मी २२ वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेवर होतो, सांडपाण्यातला अमोनिया काढणं हेच काम. तिथे कुणी आम्हाला ‘टाक्या सांभाळणारे’ म्हणायचं, पण खरं तर आम्ही जिवाणू पाळत होतो. निवृत्तीच्या थोडं आधी ठाण्यात पाचपाखाडीच्या आमच्या गच्चीवर हजार लिटरचं अ‍ॅक्वापोनिक्स उभं केलं तेव्हा मला एकच वाटलं: अरे, ही तर आपलीच टाकी, फक्त वर पालक लावलाय. म्हणून माझं सांगणं जरा त्या अंगाने असतं. तुम्ही मासे आणले आणि रोपं आणली. तिसरा प्राणी आणायचा राहून गेला, आणि सगळं काम तोच करतो.

एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया माशाला विषारी, नायट्राइटही विषारी (ते रक्त तपकिरी करतं, मासा पाण्यात असून गुदमरतो, टबात मीठ घालायला सांगितलं ते त्यासाठीच). नायट्रेट मात्र माशाला फारसं बाधत नाही आणि रोपांना तेच खायला हवं. हे जिवाणू खडीला, ड्रमच्या भिंतीला, पाइपच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात, पाण्यात फारसे नसतात. आणि ते वाढतात फार सावकाश. दही लावतो तसं एका रात्रीत होत नाही. आपल्याकडच्या २८-३० अंशांच्या पाण्यात सगळं जुळायला तीन ते पाच आठवडे धरा, थंड प्रदेशात याहून जास्त लागतात.

आता बघा तुम्ही काय केलंत. बारा दिवसांत जे थोडे जिवाणू खडीवर बसले होते, ते क्लोरीनच्या नळाखाली चोळून धुतलेत. भांडी घासल्यासारखी. त्याआधी तीनदा सगळं पाणी काढून थेट नळाचं भरलंत. पाणी बदलणं चूक नव्हतं, त्यामुळेच सहा मासे वाचले असतील. पण तीच बादली आदल्या दिवशी भरून ठेवली असती तर दोन्ही कामं झाली असती. खडी पुन्हा कधीही नळाखाली धरू नका. गाळ साचलाच तर ड्रममधल्याच पाण्यात हलके खळबळवा आणि ते गाळाचं पाणी कुंडीतल्या मोगऱ्याला घाला. मोगरा खूश होतो.

तर आता पहिल्यापासून, माशांशिवाय. ड्रम भरा, दोन दिवस पाणी नुसतं फिरू द्या म्हणजे क्लोरीन उडेल. मग जिवाणूंना खायला अमोनिया हवा. बाहेरच्या देशांतली मंडळी बाटलीतला अमोनिया घालतात, आपल्याकडे लोक युरिया सुचवतात. मी युरिया वापरत नाही आणि कारण मजेशीर आहे. २०१५ पासून आपल्याकडे शेतीचा जवळजवळ सगळा युरिया निंबोळी तेलाचं वेष्टण लावून येतो. ते वेष्टण कशासाठी? शेतात अमोनियाचं नायट्रेट व्हायचा वेग कमी करायला. म्हणजे ज्या जिवाणूंना आपण आमंत्रण देतोय त्यांच्याच ताटात कडुनिंब. घातलात तर काही होणारच नाही असं नाही, पण पाहुण्याला बोलवायचं आणि दाराला कडी लावायची, कशाला?

त्यापेक्षा कोळंबी आणाल तेव्हा मूठभर सालं आणि डोकी बाजूला काढा, मच्छरदाणीच्या कापडात बांधून ड्रममध्ये सोडा. चार दिवसांत अमोनिया दिसू लागतो. वास येतो, खोटं कशाला बोलू. शाकाहारी घर असेल तर माशांचंच खाणं रोज दोन ग्रॅम टाकून कुजू द्या, जरा उशिरा पण होतं. विरजण म्हणून एखाद्या ओळखीच्याच्या जुन्या, निरोगी मत्स्यालयातला फिल्टरचा स्पंज मागून आणा आणि तो खडीवर पिळा. त्या काळ्या पाण्यात तुमचे दोन आठवडे वाचतात. काही जण सोसायटीच्या एसटीपीतलं (मैलापाणी शुद्ध करायच्या टाकीतलं) पाणी आणतात. मी आयुष्यभर त्यातच काम केलंय, म्हणून सांगतो, नको. तिथे आपले जिवाणू असतात तसे नको ते पाहुणेही असतात, आणि या वाफ्यातला पुदिना तुम्ही चटणीला कच्चा वाटणार आहात.

थेंबांचं टेस्ट किट घ्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच (पाणी किती आंबट ते; ७ म्हणजे मधलं, खाली गेला की आम्ल). कागदी पट्ट्यांवर माझा भरवसा नाही. तयार किट घेऊ का, असं विचारलंत ना, तर त्या पैशांत हे एकच किट घ्या. दर दोन दिवसांनी मोजून कॅलेंडरवर लिहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, मग दोन्ही शून्यावर आणि नायट्रेट दिसू लागेल. त्या दिवशी कोळंबीची पुरचुंडी काढा. आणखी तीन दिवस थोडंसं खाणं टाकून दोन्ही शून्यच राहतात का बघा. राहिले तर टबातले सहा कोई परत आणा. नवे मासे महिनाभर नाहीत.

या बिनमाशांच्या महिन्यात एक धोका असतो जो परदेशातल्या माहितीत तुम्हाला सापडणार नाही. उघडं, साचलेलं, मासे नसलेलं पाणी म्हणजे डासांचं माहेर. अंडी ते डास, आठ-दहा दिवसांचं काम. महापालिकेचे मलेरिया विभागाचे लोक घरोघर अळ्या शोधत येतात, आणि तुमच्या ड्रममध्ये सापडल्या तर नोटीस येईल ती वेगळीच, शेजारच्याला डेंग्यू झाला तर तोंड दाखवायची सोय राहणार नाही. ड्रमवर मच्छरदाणी घट्ट बांधा, पंप चालू ठेवा. मासे आले की हा प्रश्न संपतो, पालिका तरी गप्पी मासे उगाच सोडत नाही. आणि धूरफवारणीची गाडी आली की ड्रमवर ओला चादरीचा तुकडा टाकून एअर पंप बंद करा, कारण तो पंप हवेबरोबर धूरही पाण्यात ओढतो. डास मारायच्या औषधांत बहुधा पायरेथ्रॉइड असतात, माणसाला सौम्य पण माशाला जालीम. सोसायटीत झुरळांचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशीही हेच. गॅलरीत मॅट-कॉइल लावायची सवय असेल तर ती सोडा.

आता मी ज्यासाठी एवढं लांब उत्तर लिहायला बसलो तो मुद्दा. अमोनियाबद्दल तुम्हाला कुणीही सांगितलं असतं. पण समजा महिनाभर धीर धरलात, सगळं जुळलं, मासे तरतरीत, पालक तोडणीला आला. दीड-दोन महिन्यांनी पालक पिवळा पडू लागतो, मासे खाण्यावर येत नाहीत, पाणी आरशासारखं स्वच्छ. ठाणे, कळवा, कोपरखैरणे, खारघर, इथल्या दहा नवशिक्यांतले निम्मे या टप्प्यावर ड्रम भंगारवाल्याला देतात. आणि याचं मूळ आपल्या पाण्यात आहे.

आपलं पाणी धरणाचं. तुमच्याकडे मोरब्याचं, आमच्याकडे मुख्यतः भातसा खोऱ्याचं. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पडलेला पाऊस, त्यात विरघळलेले क्षार अगदी कमी. माझी मावशी लातूरला असते. तिच्याकडे बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल वर्षाला बदलते. इकडे आली की म्हणते, तुमच्या पाण्यात साबण जातच नाही अंगावरून. ते हे मऊ पाणी. आंघोळीला उत्तम, डाळीला उत्तम. पण आपल्या ड्रमला त्यात पाठबळ नाही.

कारण जिवाणू अमोनिया खाताना आम्ल तयार करतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे पाण्यातली सात ग्रॅमच्या थोडी वर अल्कलिनिटी खर्च होते. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद, घरातली शिल्लक म्हणा. समजा तुमच्या पाण्यात ती लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. मग २०० लिटरच्या ड्रमची एकूण शिल्लक झाली १० ग्रॅम. रोज सहा ग्रॅम खाणं घातलंत तर रोजचा खर्च साधारण १.३ ग्रॅम. कागदावर आठवडाभरात खातं रिकामं. प्रत्यक्षात रोपं नायट्रेट घेताना थोडं परत करतात, बाष्पीभवन झालेलं पाणी तुम्ही भरता त्यातून थोडं येतं, त्यामुळे दिवस लांबतात. पण दिशा तीच. पीएच ७.५ वरून ७, मग साडेसहा, मग एके दिवशी धाडकन साडेपाच. सहाच्या खाली जिवाणू काम जवळजवळ थांबवतात. लातूरच्या पाण्यात हेच करणाऱ्याला ही अडचण कळणारच नाही. त्याची अडचण उलटी, त्याचा पीएच आठवरून खालीच येत नाही. म्हणून दुसऱ्या गावच्या माणसाचा सल्ला ऐकताना आधी त्याचं पाणी विचारावं.

आणि याच्या पुढची चूक माझी स्वतःची. तिसऱ्या पावसाळ्यात पीएच मोजायचा आळस केला होता. एका संध्याकाळी मोजला तर साडेपाचच्या खाली, अमोनिया लिटरला ४ मिलिग्रॅम. मासे मात्र ठीक दिसत होते. मला वाटलं, आम्ल झालंय ना, मारून टाकू. आईच्या पानाच्या डब्यात चुना होता. दोन चमचे भरून कालवला आणि ओतला. पहाटे गच्चीवर गेलो तर ३२ रूपचंद मासे पोट वर करून. ईटीपीवर २२ वर्षं काढलेल्या माणसाने हे करावं. मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.

झालं असं की अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक जवळजवळ निरुपद्रवी, एक विषारी, आणि कुठलं किती हे पीएच ठरवतो. ३० अंशांना, पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम ०.८ टक्के विषारी रूपात. पीएच ८ ला साडेसात टक्के. एक अंक वर, नऊ-दहा पट विष. माझ्या टाकीत आम्ल होतं म्हणूनच इतका अमोनिया साचूनही मासे जिवंत होते. मी चुना ओतून एका तासात ते कुलूप काढलं. म्हणून पीएच कोसळलेला दिसला की पहिलं काम पाणी बदलणं, रोज थोडं थोडं, अमोनिया खाली येईपर्यंत. पीएच वर आणायचा तो दिवसाला ०.२-०.३ एवढाच.

त्याहून बरं म्हणजे तो कोसळूच देऊ नये, आणि त्याचा उपाय आपल्याकडे बाजाराच्या पिशवीत येतो. शिवल्या, तिसऱ्या, कालवं, जे काही घरी होत असेल त्याच्या शिंपल्या. उकळून, मांसाचा कण न ठेवता घासून, दोन-तीन पाण्यांत धुऊन मीठ घालवा, उन्हात वाळवा. हातोडीने जाडसर फोडा. अर्धा किलो एका जाळीच्या पिशवीत भरून वाफ्यातून पाणी जिथे ड्रममध्ये पडतं तिथे टांगा. शिंपली म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आंबट झालं की ती विरघळते, साडेसातच्या जवळ आलं की विरघळणं आपोआप मंदावतं. चुन्यासारखी उडी मारत नाही. वर पालकाला कॅल्शियम मिळतं. सहा-आठ महिन्यांनी पिशवी चिमलेली दिसली की नव्या शिंपल्या घाला. माझ्या गच्चीवर त्या दिवसापासून हेच आहे, आणि खाली राहणाऱ्या आगरी वहिनी तिसऱ्या केल्या की शिंपल्या राखून ठेवतात. तुम्ही टँकरचं किंवा खाडीजवळच्या बोअरचं पाणी भरत असाल तर मात्र हे सगळं विसरा. आधी त्या पाण्याचा पीएच आणि खारटपणा तपासा.

रोपं पिवळी का पडली याचं उत्तर आता तुमचं तुम्हीच दिलं असेल. पहिल्या बारा दिवसांत त्यांना नायट्रेट मिळालंच नाही. पुढे सगळं जुळल्यावर जर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर ते लोह. माशांच्या खाण्यात रोपांना पुरेल इतकं लोह नसतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (पाण्यात विरघळून राहील असं लोह) मागा, पण पाकिटावर ‘डीटीपीए’ बघून घ्या. ‘ईडीटीए’वालं स्वस्त असतं आणि साडेसहाच्या वर टिकत नाही, लोह तळाशी जाऊन बसतं. ११ टक्केवालं डीटीपीए असेल तर २०० लिटरला साडेतीन ग्रॅम, तीन-चार आठवड्यांतून एकदा. पाणी थोडं चहासारखं दिसेल, घाबरू नका. जुन्या पानांच्या कडा जळल्या तर पोटॅशची कमतरता. मावा पडला तर निंबोळी तेल फवारू नका, तंबाखूचं पाणी तर मुळीच नाही. फांदी तोडून बादलीत बुडवा आणि पाण्याच्या जोराने धुवा. वाफ्यावर जे फवाराल ते ड्रममध्ये जातं.

कोथिंबिरीने सुरुवात करणं ही सगळ्यांची हौस असते आणि ती सगळ्यांची जिरते. ओलं मूळ तिला सोसत नाही. पुदिन्याच्या बाजारातल्या जुडीतल्या काड्या नुसत्या खोचा, दहा दिवसांत फुटतात. अळू लावा, माठ लावा, नाळीची भाजी लावा. अळू आणि नाळ तर पावसाळ्यातही थांबत नाहीत, जेव्हा महिनाभर ढग असतात आणि पालक हिरमुसून बसतो. त्या दिवसांत रोपं कमी खातात, तर माशांनाही कमी घाला. पाऊस ड्रममध्ये पडू देऊ नका, तो मऊहून मऊ.

किती भाजी निघेल? पानभाजीला चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम माशांचं खाणं हा सगळीकडे वापरला जाणारा ठोकताळा आहे. तुमचा वाफा अर्ध्या चौरस मीटरहून थोडा मोठा, म्हणजे पूर्ण भरात आला की रोज २५ ग्रॅमच्या आसपास खाणं तो पचवेल, त्यासाठी किलोभर मासे हवेत. तिथवर पोचायला तुम्हाला आठ महिने तरी लागतील. आठवड्याला दोन-तीन जुड्या. १८ वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला १३ युनिट वीज. पैसे वाचवायला हे करत असाल तर बाजारात जा, जुडी स्वस्त पडेल. आणि खाणं मोजायला सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घ्या. ‘चिमूट’ हे माप यापुढे बंद.

टिलापियाबद्दल. आपल्याकडे उजनीच्या बाजूला त्याला चिलापी म्हणतात. चिवट मासा, खायलाही चांगला, पण त्याच्या पालनावर नियम आहेत आणि परवानगी लागते. शिवाय २०० लिटरमध्ये त्याची वीण आवरणार नाही. आफ्रिकन मांगूर कुणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका, त्यावर बंदी आहे. कोईसुद्धा खरं तर तुमच्या ड्रमचे नाहीत, दोन-तीन वर्षांत फूट-दीड फूट लांब होतात. हे सहा मोठे झाले की ज्याच्याकडे मोठा हौद आहे त्याला द्या. ठाण्याच्या मासुंदा (तलावपाळी) किंवा उपवन तलावात नेऊन सोडू नका, तलावपाळीवर असे सोडून दिलेले मासे खूप झालेत. २०० लिटरला गप्पी, मॉली, गुरामी बरे. गुरामी हवेतूनही श्वास घेतो, वीज गेली तर तासभर जास्त तग धरतो. तरी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. ३० अंशांच्या पाण्यात मुळात प्राणवायू मावतोच लिटरला साडेसात मिलिग्रॅम, उन्हाळ्याच्या दुपारी वीज गेली की तो बघता बघता संपतो.

बेल सायफनच्या (वाफा भरला की पाणी आपोआप एकदम खाली सोडणारी नळी) मागे लागू नका. तो जमला की बघत बसावंसं वाटतं हे खरं, पण नवशिक्याचे दोन रविवार त्यातच जातात. पंपाला टायमर लावा, १५ मिनिटं चालू, ४५ मिनिटं बंद, आणि वाफ्याच्या तळाला एक छोटं भोक. एअर पंप मात्र वेगळा आणि सतत चालू.

वजनाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तुमच्या फोटोत तेच आधी दिसलं. २ बाय ३ बाय १ फूट म्हणजे १७० लिटर खडी, सुमारे २६० किलो. पाणी २०० किलो. स्टँड, ड्रम धरून पावणेपाचशे किलो, आणि तेही गॅलरीच्या कठड्याला चिकटवून. घरगुती गॅलरी चौरस मीटरला साधारण ३०० किलो धरून बांधतात, आणि ते नव्या, न गळणाऱ्या, सळई न गंजलेल्या गॅलरीचं. तुमची इमारत तीस वर्षांची आहे म्हणता. मासे टबात गेले की ड्रम रिकामा करणारच आहात, तर तेव्हाच खडी काढा आणि तिच्या जागी भाजलेल्या मातीच्या गोळ्या भरा, नर्सरीत क्ले बॉल म्हणून मिळतात. त्याच १७० लिटरला ६०-६५ किलो होतात. महाग आहेत, पण एकदाच. आणि सगळं कठड्यापासून उचलून घराच्या भिंतीलगत, तुळईच्या जवळ आणा. तरीही एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, सोसायटीच्या सेक्रेटरीला दाखवण्याआधी. खडी वायाच जात असेल तर तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा. बुडबुडे आले नाहीत तर ती काळी कातळाची, कुंड्यांच्या तळाशी घाला.

भिंतीलगत आणलंत की कपड्यांचाही प्रश्न बराचसा सुटतो. पण घरच्यांचं म्हणणं मी तुमच्याइतकं हलक्यावर घेणार नाही. तुमच्या फोटोत कपड्यांची दोरी बरोबर ड्रमच्या डोक्यावरून गेली आहे. ओल्या कपड्यांतून साबणाचं पाणी ठिबकतं आणि साबण माशांच्या कल्ल्यांना अमोनियाइतकाच वाईट. नऊपैकी एखाद-दुसरा त्यानेही गेला असेल. छताला खालीवर होणारा दोऱ्यांचा स्टँड बसवून घ्या, कठड्याच्या बाजूला. ती जागा आता रिकामी झालीच आहे.